ओडेसाची चाळणी

पिवळी पाटी दिसली आणि ओडेसा प्रुइटने गाडी अशी काही वळवली, की मागचा ट्रकवाला हॉर्नवरून हात उचलेना. वाजवू दे! कितीतरी दिवस ती ही पाटी शोधत होती.

जॉर्जियात सिनेमावाले रस्त्याच्या कडेला पिवळ्या पाट्या ठोकतात. पाटीवर सिनेमाचं नाव कधीच नसतं. कुठला तरी भलताच शब्द असतो आणि त्याखाली बाण. युनिटच्या लोकांना वाट कळावी आणि बाकीच्यांना काही कळू नये म्हणून ही हुशारी. अर्थात बाकीच्यांनाच आधी कळतं. या पाटीवर काळ्या, ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं – झेनोबिया.

'ॲशलार्क'च्या पाचव्या भागाचं शूटिंग हॅलोवे गावाच्या आसपास कुठेतरी चालू आहे, एवढं सगळ्या जगाला ठाऊक होतं. राखेतून उठणारी, जळके पंख घेऊन शहरावर घिरट्या घालणारी ती ॲशलार्क! तिच्यापायी अर्धी तरुण अमेरिका वेडी झाली होती आणि ओडेसा त्या वेड्यांतली शहाणी होती. दिवसा ती विमा कंपनीत गारपिटीच्या दाव्यांची छाननी करायची, संध्याकाळी अफवांची. 'चाळणी' हे तिचं इंटरनेटवरचं पान. आलेल्या प्रत्येक अफवेवर तिथे शिक्का बसायचा. ऐकीव, संभाव्य, पक्कं, नाहीतर सरळ थाप. पक्कं म्हणायला दोन माणसं लागायची, तीही एकमेकांशी न बोललेली. आणि ज्याचा त्या बातमीत स्वार्थ असेल त्याचा शब्द धरायचाच नाही. हा नियम तिने स्वतःसाठीसुद्धा कधी वाकवला नव्हता, आणि म्हणूनच लाखो लोक तिचं ऐकत होते.

बाणामागे गेली तर पेकनच्या झाडांखाली पांढरे मंडप, घरघरणारा जनरेटर, लांबच लांब जेवणाची टेबलं आणि एकसारखे जांभळे टी-शर्ट घातलेली पन्नासेक माणसं. ओडेसाने गाडी कडेला उभी केली. ती एका गाडीआड उकिडवी बसली आणि ओहायोतल्या बेथनीला फोन लावला. 'चाळणी' या दोघी मिळून चालवायच्या.

"बेथनी, सापडलं! आख्खं युनिट आहे गं समोर."

"शिक्का?"

"संभाव्य. नाही, थांब... जरा पुढे सरकून बघते."

"पाय अवघडले असतील ना?" मागून आवाज आला.

ओडेसा दचकून वळली. हातात भलंमोठं कलिंगड घेऊन एक उंच, सावळा तरुण उभा होता. नखांत निळा रंग अडकलेला. हसू तो ओठांत दाबत होता, पण डोळ्यांतून ते सांडतच होतं.

"मी... वाट चुकले," ती म्हणाली.

"गाडीच्या आडोशाला?"

"ऊन फार आहे."

"ते खरंय. सावलीत खुर्च्या आहेत. जेवणाची रांगही तिकडेच आहे."

आता लपण्यात अर्थ नव्हता. ती उठली, गुडघे झटकले आणि हनुवटी वर केली. "हे बघा, मी कुणाला त्रास देणार नाही. फक्त एवढंच सांगा, शूटिंग किती दिवस आहे?"

"शूटिंग?" त्याने मंडपांकडे पाहिलं, जांभळ्या टी-शर्टांकडे पाहिलं, लांब रस्त्यावरच्या त्या पिवळ्या पाटीकडे पाहिलं... आणि मग असा खो खो हसला की कलिंगड हातातून सुटता सुटता राहिलं. "अहो बाई, हे युनिट नाही, आमचं गेन्स खानदान आहे! दर उन्हाळ्यात जमतो आम्ही." तो पाठमोरा झाला. टी-शर्टवर मागे लिहिलंच होतं, 'गेन्स कुटुंब मेळावा'.

"आणि झेनोबिया?"

"माझी मावशीआजी. आज ऐंशीची झाली. डेट्रॉइटची मंडळी दरवर्षी रस्ता चुकतात, म्हणून यंदा पाटी लावली."

"पण ती अगदी त्यांच्यासारखीच आहे! तसंच अक्षर, तसाच बाण..."

"असणारच. इथल्या कितीतरी सिनेमावाल्यांच्या पाट्या याच हाताने रंगवल्यात." त्याने निळ्या नखांचा पंजा पुढे केला. "रोलंड गेन्स."

ओडेसाचे कान तापले. छाननीत मुरलेली बाई एका म्हातारीच्या वाढदिवसावर शिक्का मारायला निघाली होती. तिने फोन कानाला लावला. पलीकडे बेथनी हसून हसून बेजार झाली होती. ओडेसाने तो बंदच केला.

तेवढ्यात मंडपातून खणखणीत हाक आली. "रोलंड! त्या पोरीला उन्हात काय उभी करून ठेवलीस? कुणाची गं तू?"

"कुणाचीच नाही, मॅडम," ओडेसा म्हणाली.

"मग आधी जेव. कुणाची ते मागाहून बघू," झेनोबिया म्हणाली आणि आख्खा मंडप हसला. रोलंडने कलिंगडाकडे नको इतकं लक्ष दिलं.

जेवण अर्ध्यावर आलं असताना आभाळ भरून आलं. जॉर्जियातला दुपारचा पाऊस तो, येतो तेव्हा विचारून येत नाही. मंडपाच्या कडेने पाण्याची झालर लागली. सगळे आत सरकले आणि सरकता सरकता ओडेसा रोलंडच्या शेजारी येऊन टेकली. त्याच्या टी-शर्टला टर्पेंटाइनचा वास होता. हातातल्या ताटलीतून कॉबलर नावाच्या गरम, गोड पीचच्या पदार्थाचा. तिने त्याला 'चाळणी'चे नियम समजावून सांगितले. का, ते तिचं तिलाही कळलं नाही.

"म्हणजे मी म्हटलं, मावशीआजीची पीच कॉबलर साऱ्या जॉर्जियात एक नंबर... तर कुठला शिक्का?"

"नातेवाईक. स्वार्थ उघड. ऐकीव."

"आणि मी म्हटलं, जांभळा टी-शर्ट न घातलेली या मंडपातली एकमेव मुलगी फार गोड दिसतेय?"

ओडेसाने चमचा चाटला. पावसाकडे पाहत म्हणाली, "स्वार्थ... त्याहून उघड."

पाऊस थांबला तरी दोघं उठली नाहीत. हे मात्र झेनोबियाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

मग भेटी सुरू झाल्या. कधी शेतकरी बाजारात, कधी नदीकाठच्या आइस्क्रीमवाल्याकडे, कधी नुसतंच त्याच्या जुन्या पिकअप गाडीच्या मागच्या फळीवर पाय हलवत. तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सुट्टीच्या दिवशी तो गावातल्या दुकानांची नावं रंगवायचा, पुसायचा, पुन्हा जुनी दिसतील अशी करायचा. ती त्याच्या हातांकडे बघत बसायची. सरळ रेघ ओढताना तो श्वास रोखायचा. तिचाही मग रोखला जायचा.

एकदा मात्र न्याहारीच्या हॉटेलात, काउंटरपाशी बसलेले असताना, त्याने कॉफीचा कप बाजूला सारला.

"ओडेसा, एक सांगायचंय. तू जे शोधत होतीस ना... त्या ॲशलार्कच्या सेटवर मी–"

तिचा हात झटकन पुढे गेला आणि तिने त्याचं तोंडच बंद केलं.

"गप्प! एक शब्द बोलू नकोस."

त्याच्या भुवया वर गेल्या. तिचा तळवा त्याच्या ओठांवर होता. ऊबदार, किंचित खरखरीत ओठ... ते तिच्या तळव्याखाली हसले, हे तिला कळलं. हात काढायला हवा होता. तिने काढला, पण सावकाश.

"काही बाहेर न सांगण्याच्या कराराचा कागद सही करून बसलायस ना तू? मग पाळ. तू तिथे काम करतोस एवढं कळलं, पुढचं मला नको. रंग कुठला, रस्ता कुठला, कोण आलं, कोण गेलं, काही नको."

"तुझ्या जागी दुसरं कुणी असतं तर मला उलटं टांगून विचारलं असतं."

"दुसरं कुणी असतं तर त्याच्याबरोबर कॉफी प्यायला बसला असतास?"

"नसतो बसलो," तो म्हणाला. मग काउंटरवरच्या साखरेकडे बघत म्हणाला, "मला तू आवडतेस, ओडेसा. फार. याला कुठला शिक्का?"

ती म्हणाली, "एकच माणूस सांगतोय. ऐकीव."

"मग दुसरा माणूस कधी बोलणार?"

"चौकशी चालू आहे," ती म्हणाली आणि लाजून कॉफीत नको तितकी साखर घातली.

त्याच संध्याकाळी तिने बेथनीला सांगून टाकलं, "आजपासून ॲशलार्कच्या बातम्या तू बघ. मी त्यांवर शिक्का मारणार नाही." कारणही सांगितलं. बेथनीने एक शीळ घातली आणि काम अंगावर घेतलं. ओडेसाला वाटलं, आपण सरळ वागलो, विषय संपला.

विषय संपतोय कसला! या दुनियेत बोललेलं कुणी धरत नाही, पण गप्प बसलं की लगेच पुरावा होतो. ॲशलार्कवर रोज लिहिणारी ओडेसा एकाएकी मुकी झाली, हे लोकांनी हेरलं. सगळ्यात आधी हेरलं ग्रेडी कोलने. ग्रेडीचं व्हिडिओ चॅनेल होतं. दर आठवड्याला तो एक भविष्य सांगायचा आणि चुकलं की 'स्टुडिओने शेवट बदलला' म्हणून मोकळा व्हायचा. 'चाळणी'ने त्याच्या बातम्यांवर इतक्यांदा थाप असा शिक्का मारला होता, की तो डूख धरून होता.

त्याने व्हिडिओ टाकला. ओडेसा गप्प आहे, म्हणजे तिला शेवट माहीत आहे. माहीत असून सांगत नाही, म्हणजे शेवट वाईट आहे. म्हणजे ॲशलार्क मरते! आणि खाली एक फोटो, आइस्क्रीमच्या गाडीपाशी ओडेसा आणि तिच्या नाकाला लागलेलं आइस्क्रीम पुसणारा एक उंच तरुण. 'हा सेटवरचा माणूस आहे. चाळणी विकली गेली आहे.'

दुपारपर्यंत शिव्यांचा पाऊस पडला. कुणी रडत होतं, कुणी धमक्या देत होतं. ओडेसाला शिव्यांचं काही नव्हतं. त्या तिला सवयीच्या होत्या. पण रोलंडच्या कामात नुसता संशय आला तरी माणसाला घरी बसवतात, हे तिला माहीत होतं. फोटोत चेहरा अर्धाच दिसत होता. आज नाही तर उद्या कुणीतरी ओळखणार.

बेथनीचा फोन आला. "दोन ओळी लिही. 'फोटोतला माणूस माझ्या ओळखीचा नाही.' वर थाप असा शिक्का. त्याची नोकरी वाचेल, आपलं पानही वाचेल. चार दिवसांत लोक दुसरीकडे वळतील."

"ते खोटं आहे, बेथनी."

"माहितेय गं. पण एवढंसं."

तिने रोलंडला फोन केला. तिला वाटलं होतं, तो उसळेल. तो उसळला नाही. हळू आवाजात म्हणाला, "बेथनी बरोबर बोलतेय. लिहून टाक. सिनेमा लागेपर्यंत भेटायचं नाही, बस. मे महिना काय, येईलच."

"म्हणजे तोवर तू माझा कुणी नाहीस?"

"लोकांपुरतं. ओडेसा, माझी नोकरी गेली तर दुसरी मिळेल. पण तुझं नाव गेलं तर ते परत यायचं नाही. मी नकोय मध्ये."

ओडेसाला एकदम राग आला. "माझ्या नावाचं मी बघते. तुझ्या नोकरीचं तू ठरव, ते तुझं आहे. पण मला तू आवडतोस, आणि त्यावर थाप म्हणून शिक्का मी मारणार नाही! तू सांगितलंस तरी नाही, बेथनीने सांगितलं तरी नाही, आणि त्या ग्रेडी कोलच्या बापाने सांगितलं तरी नाही!"

पलीकडे ब्रश डब्यात पडल्याचा आवाज आला.

"काय म्हणालीस?"

"ऐकलंस ते."

"मधलं... ते मधलं पुन्हा–"

तिने फोन ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तरी किती हलकं वाटत होतं तिला!

सप्टेंबरच्या सुरुवातीला अटलांटात चाहत्यांची मोठी जत्रा भरते. हॉटेलांच्या लॉबीत पंखवाले, शेपटीवाले, चिलखतवाले यांची नुसती गर्दी. यंदा एका परिसंवादाचा विषय होता, 'अफवांवर विश्वास किती ठेवावा', आणि व्यासपीठावर ओडेसाच्या शेजारी खुर्ची होती ग्रेडी कोलची. बेथनीने फोनवरून हात जोडले होते, जाऊ नकोस म्हणून. ओडेसाने आपला सगळ्यात लाल ड्रेस घातला आणि गेली. रोलंडला तिने तासभर आधी निरोप टाकला होता, 'मी खोटं बोलणार नाही. तुझं नाव मात्र घेणार नाही.' उत्तरासाठी ती दर थोड्या वेळाने फोन बघत होती आणि स्वतःवर चिडत होती.

सभागृह खचाखच भरलं होतं. ग्रेडीने फार वेळ काढला नाही. माइक जवळ ओढला आणि गोड आवाजात विचारलं, "ओडेसाबाई, एवढंच सांगा. फोटोतला माणूस सेटवरचा आहे की नाही? हो किंवा नाही."

"हो," ओडेसा म्हणाली.

ग्रेडीने पुढचे प्रश्न 'नाही' धरून बेतले होते. त्याचं तोंड उघडंच राहिलं. सभागृहात कल्लोळ झाला.

"थांबा, अजून संपलं नाही," ती उभी राहिली. "तो सेटवर काम करतो. हे मला कळलं त्याच दिवशी मी ॲशलार्कवर शिक्के मारणं सोडलं. त्याचं कारण तुम्हाला सांगायला हवं होतं, ते सांगितलं नाही. ते चुकलं, त्याबद्दल बोला काय बोलायचं ते. पण त्याने मला एका अक्षरानेही काही सांगितलेलं नाही. सांगायला लागला तेव्हा मी त्याचं तोंड दाबलं. तुम्ही माझ्या गप्प बसण्यातून मरण काढलंत, मी काय करू? आणि राहिला प्रश्न तो माझा कोण..." इथे मात्र ती अडखळली. हजार डोळे आणि तेवढेच फोन तिच्यावर रोखलेले होते. "माझं त्याच्यावर प्रेम आहे. मी हे त्याच्यासमोर नीट म्हटलेलंसुद्धा नाही, तुमच्यासमोर म्हणावं लागतंय, याचाच मला राग आहे. त्याचं नाव मी सांगणार नाही. ते त्याचं आहे."

"नाव नाही म्हणजे पुरावा नाही!" ग्रेडी ओरडला.

"रोलंड गेन्स," मागून आवाज आला.

मागच्या भिंतीशी, दोन भल्यामोठ्या पंखांच्या मध्ये अडकलेला, रंगाचे डाग पडलेल्या पँटमधला उंच तरुण हात वर करून उभा होता. पंखवाल्यांनी घाईघाईने पंख मिटून त्याला वाट दिली.

"सकाळी साहेबांना सगळं सांगून आलो," तो पुढे येता येता म्हणाला. सांगत होता सगळ्यांना, बघत होता तिच्याकडे. "त्यांनी या सिनेमावरून काढलं. रीतच आहे तशी, त्यांना दोष नाही. सोमवारपासून दुसऱ्या कुठल्या तरी मालिकेत बेकरीच्या पाट्या रंगवायच्यात."

"रोलंड..." ओडेसाच्या तोंडून एवढंच निघालं.

"मग शेवट सांगा आता!" कुणीतरी ओरडलं. "मरते का ती?"

"मला काय माहीत!" रोलंड म्हणाला. "मी न्हाव्याच्या दुकानाची पाटी रंगवली. कोण मरतं, कोण जगतं, हे पाटी रंगवणाऱ्याला सांगतो का कुणी?"

सभागृहात असा हशा पिकला, की त्यात ग्रेडीचा माइक बुडून गेला. सगळेच काही हसले नाहीत. पहिल्या रांगेतली एक मुलगी रागारागाने उठून गेली आणि 'चाळणी' कायमची सोडल्याचं तिने जिन्यातूनच जाहीर केलं. असे बरेच जण सोडणार होते. ओडेसाला ते तिथेच कळलं. दुखलंही.

ती व्यासपीठावरून खाली उतरली. रोलंड पायऱ्यांशी उभा होता. त्याने हात पुढे केला आणि तिने तो सगळ्यांदेखत घट्ट धरला.

"नोकरी घालवलीस ना," ती पुटपुटली. "वेडा आहेस तू."

"त्या दिवशी फोन ठेवलास. मधलं वाक्य पुन्हा ऐकायचं होतं, त्यासाठी यावंच लागलं." त्याचा आवाज घोगरा झाला होता. "आता हजार माणसांबरोबर वाटून ऐकलं. चालेल. पण पुढचं फक्त मला सांग."

तिने टाचा उचलून त्याच्या कानाशी ओठ नेले. काय म्हणाली ते कुणालाच ऐकू आलं नाही. एवढं दिसलं, की रोलंडने डोळे मिटले आणि मघाचा तो निधड्या छातीचा माणूस कानांपर्यंत लाल झाला.

दाराशी फोनवाल्यांची भिंत उभी होती. ग्रेडीची माणसं पुढे घुसत होती, एकमेकांना ढकलत होती. रोलंड सवयीने चेहरा वळवायला लागला. ओडेसाने त्याची हनुवटी धरून तो सरळ केला.

"ढकलाढकली करू नका," ती त्या सगळ्यांना म्हणाली. "आम्ही थांबतो. फोटो स्पष्ट काढा, दोघांचे चेहरे दिसू देत. आणि खाली नावंही नीट लिहा."

आणि रोलंडच्या गळ्यात हात टाकून तिने त्याचं चुंबन घेतलं. चांगलं सावकाश घेतलं, मागच्यांनाही दिसावं असं.